मैफलीतली उदास माणसं

संगमरवराचा एक भला मोठा चौकोनी ठोकळा. त्याच्या अंगावर जुन्या रोमन काळातलं उठावशिल्प कोरलेलं आहे. कुठल्याशा पडक्या वास्तूतून निखळलेला हा दगड आता टेबल म्हणून वापरात आहे आणि त्याच्याभोवती माणसं जमली आहेत. कुणी व्हायोलिन वाजवतंय, कुणी ल्यूट नावाचं तंतुवाद्य. मागे एकजण सुरई थेट तोंडाला लावून वाइन पितोय, पुढे एकजण पेल्यात ओतून घेतोय. मधोमध एक लहान मुलगा आहे, हातावर डोकं टेकून बसलेला. मैफल रंगायला जे जे लागतं ते सगळं इथे आहे, पण एकाच्याही चेहऱ्यावर हसू नाही. माणसं एकमेकांना खेटून बसली आहेत आणि तरी प्रत्येकजण आपापल्या जागी एकटा आहे.

हे चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. सुमारे १६२५ साली ते रोममध्ये रंगवलं गेलं. रंगवणारा फ्रेंच होता, व्हालाँतँ द बुलोन्य. इटालियन चित्रकार काराव्हाज्जोचं नाव आपल्याकडे चित्रकलेत थोडासा रस असणाऱ्यालाही माहीत असतं. फ्रेंच चित्रकार पुसँचं नाव कलाशाळेत शिकलेल्यांना ठाऊक असतं. या दोघांच्या मधोमध उभा असलेला व्हालाँतँ मात्र कुणाला फारसा आठवत नाही. मलाही तो उशिराच भेटला. भेटल्यापासून त्याने मला सोडलेलं नाही.

चित्रासमोर उभी असताना मला माझे वडील आठवले. ते पेटीवर साथ करायचे, आणि लहानपणी मी त्यांच्याबरोबर बैठकींना जाऊन एका कोपऱ्यात बसायची. एक राग संपून दुसरा सुरू व्हायच्या आधी तंबोरे पुन्हा जुळवले जातात, तेव्हा साथीदारांचे चेहरे बदलतात. दाद देताना खुललेले डोळे विझतात आणि घरची काळजी, प्रवासाचा शीण, वय, असं जे काही गाण्याने थोपवून धरलेलं असतं ते वर येतं. मग षड्ज लागतो आणि चेहरे पुन्हा उजळतात. व्हालाँतँने रंगवला तो हा मधला चेहरा. वेगळं इतकंच, की त्याच्या चित्रात गाणं चालू असतं आणि चेहरा तरीही तसाच राहतो.

त्याचा जन्म पॅरिसच्या पूर्वेला, ब्री प्रांतातल्या कुलोमिए गावचा. ३ जानेवारी १५९१ रोजी त्याचा बाप्तिस्मा झाला. घराण्यात रंगकाम आणि काचेवरची चित्रं हा पिढीजात धंदा होता, म्हणजे ब्रश आणि रंग त्याला घरातच मिळाले. त्यापुढे त्याच्या बालपणाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. तरुणपणी तो रोमला गेला आणि परत आलाच नाही. १६२०च्या सुमाराला रोममधल्या सांता मारिया देल पोपोलो या चर्चच्या हद्दीत राहणाऱ्यांच्या नोंदवहीत तो सापडतो. ईस्टरच्या वेळी चर्चचे लोक घरोघरी जाऊन कोण कुठे राहतं ते लिहून घेत. अशा कोरड्या नोंदींवरून आज आपल्याला कित्येक चित्रकारांचे पत्ते कळतात.

या चर्चमध्ये काराव्हाज्जोची दोन चित्रं आहेत. एकात म्हातारा पीटर उलट्या क्रूसावर चढवला जातोय, दुसऱ्यात पॉल घोड्यावरून खाली पडलाय. ही चित्रं १६००-१६०१ची. व्हालाँतँ रोममध्ये आला तेव्हा काराव्हाज्जो वारला होता (तो १६१०मध्ये गेला), पण त्याने लावलेली आग विझलेली नव्हती. युरोपभरातले तरुण चित्रकार रोममध्ये येऊन त्याच्यासारखं रंगवू पाहत होते. अंधारी खोली, एका बाजूने येणारा प्रखर उजेड, समोर बसवलेली खरीखुरी माणसं. काराव्हाज्जोचा विषय आणि मांडणी घेऊन तिचा जणू साचाच तयार केला तो बार्तोलोमेओ मानफ्रेदीने. टेबलाभोवती अर्ध्या उंचीची माणसं, पत्ते, वाद्यं, सैनिक, जिप्सी बाया. बहुतेकांसाठी हा साचा म्हणजे विकला जाणारा माल होता. चार-पाच वर्षं त्यांनी तशी चित्रं केली, पैसे मिळवले, आपापल्या देशी परतले आणि पुढे वेगळं काही करू लागले.

व्हालाँतँ राहिला. रोममध्ये राहिला आणि त्या अंधाऱ्या खोलीतही राहिला. सिमाँ व्हुए हा त्याचा फ्रेंच समकालीन, रोमच्या कलावंतांच्या अकादमीच्या प्रमुखपदापर्यंत पोहोचलेला माणूस. १६२७मध्ये राजा तेराव्या लुईचं बोलावणं येताच तो पॅरिसला परतला, आणि तिथे त्याची शैली उजळ आणि दरबाराला शोभेलशी झाली. व्हालाँतँलाही तसं परतता आलं असतं. त्याने तसं का केलं नाही याचं उत्तर मी त्याच्या चित्रांत शोधते. मला वाटतं, त्याला जे बघायचं होतं ते बघून संपलेलं नव्हतं.

त्याची एकही रेखाटनवही किंवा सुटं रेखाटन आज उपलब्ध नाही. तो थेट कॅनव्हासवर, माणूस समोर बसवून रंगवत असे. त्या काळी मोठ्या चित्राची वाट ठरलेली होती: आधी कागदावर आराखडा, मग हातापायांचे वेगवेगळे अभ्यास, मग सगळं जुळवून अंतिम चित्र. ही वाट सोडली की चित्रकाराला समोरच्या माणसावर अवलंबून राहावं लागतं. तो दमला तर चित्रही दमतं. तो कंटाळून दुसरीकडे बघू लागला तर ती नजर चित्रात उतरते. व्हालाँतँच्या माणसांच्या चेहऱ्यावरची ती दूर गेलेली नजर मुळात इथूनच आली असेल. तासन्‌तास बसून राहिलेल्या गरीब मॉडेलची ती नजर असणार. दुसऱ्या एखाद्या चित्रकाराने ती पुसून तिच्या जागी प्रसंगाला साजेसा भाव घातला असता. याने ती ठेवली. समोर बसलेल्या माणसाबद्दल इतका आदर असणारे चित्रकार फार नसतात.

हळूहळू आपण ही माणसं ओळखायलाही लागतो. तोच चेहरा एका चित्रात सैनिक म्हणून येतो, दुसऱ्यात शिष्य म्हणून. इथे पत्ते खेळणारा पोरगा तिथे बायबलमधल्या कथेत उभा असतो. रोममधल्या बार्बेरिनी राजवाड्यात त्याचं 'शेवटचं भोजन' आहे. येशू नुकताच म्हणालाय, "तुमच्यातला एकजण मला धरून देईल," आणि टेबलाभोवतीच्या बारा माणसांवर त्या वाक्याचे पडसाद उमटतायत. ही माणसं गुत्त्यातली आहेत. दाढ्या वाढलेल्या, हात कष्टाचे, कपडे जाडेभरडे. पावित्र्य दाखवण्यासाठी त्याने त्यांना धुऊनपुसून बसवलं नाही. शेवटी येशूचे बरेच शिष्य मासे पकडणारेच होते, त्यामुळे त्याचं चुकलं असं कुणी म्हणू शकत नाही. पण मला त्याहून महत्त्वाचं हे वाटतं, की गुत्त्यातलं टेबल आणि हे टेबल त्याने सारख्याच गांभीर्याने रंगवलं. पत्ते खेळणारा माणूस त्याच्या लेखी शिष्यापेक्षा कमी मोलाचा नाही. दीडशे वर्षांनी, १७७९मध्ये, झाक-लुई दाव्हिद या तरुण फ्रेंच चित्रकाराने रोममध्ये या चित्राची नक्कल केली. पुढे फ्रेंच क्रांतीचा चित्रकार म्हणून ज्याचं नाव झालं तोच हा.

गुत्त्यातली चित्रं बघताना एक गोष्ट लक्षात येते. ड्रेस्डेनला त्याचं पत्त्यांचं एक सुरुवातीचं चित्र आहे. दोन तरुण खेळतायत आणि एकाच्या पाठीमागे उभा असलेला लबाड माणूस बोटांनी खूण करून त्याच्या हातातली पानं दुसऱ्याला कळवतोय. विषय काराव्हाज्जोचाच. पण काराव्हाज्जोच्या पत्तेवाल्यांमध्ये एक चटपटीत मजा आहे, बघणाऱ्याला त्या कटात सामील करून घेणारी. व्हालाँतँच्या चित्रात अंधार जड आहे. फसवला जाणारा मुलगा आपल्या पानांत पूर्ण बुडालाय, आणि त्याचं ते बुडून जाणं बघून आपल्याला त्याची काळजी वाटू लागते.

अमेरिकेतल्या टोलेडो शहरात असलेल्या त्याच्या चित्रात एक जिप्सी बाई सैनिकाचा हात बघून भविष्य सांगतेय. ती त्यात गुंतलेली असताना एकजण तिचीच चोरी करतोय, आणि त्या चोराच्या खिशात एका लहान मुलाचा हात गेलाय. इथे लुटणारा आणि लुटला जाणारा यांत फरक करण्यात अर्थच उरत नाही. सगळेच कफल्लक आहेत आणि एकमेकांकडून जे मिळेल ते ओढून घेतायत. या विषयावर त्या काळात ढीगभर चित्रं निघाली, बहुतेक गमतीची, 'भोळ्याला कसं बनवलं बघा' अशा सुराची. व्हालाँतँला गंमत दिसत नाही. त्याला पोटाची भूक दिसते, आणि त्या मुलाचं वय दिसतं.

तो स्वतः एकलकोंडा होता असं मात्र नाही. उत्तरेकडून आलेल्या चित्रकारांची रोममध्ये एक टोळी होती, बेंटफ्यूखेल्स या नावाची. दंगा, दारू, नव्या सभासदाला विचित्र नाव देण्याचा समारंभ असा सगळा कारभार. व्हालाँतँही त्यांच्यात होता. १६२६मध्ये अकादमीच्या संत लूकच्या उत्सवाची व्यवस्था बघणाऱ्यांत त्याचं आणि निकोला पुसँचं नाव आहे. म्हणजे माणसांत वावरणारा, मित्रांत रमणारा चित्रकार. गर्दीतलं एकटेपण त्याला गर्दीत बसूनच कळलं होतं.

१६२३मध्ये माफ्फेओ बार्बेरिनी पोप झाला, अर्बन आठवा या नावाने, आणि रोमच्या कलाविश्वाची सगळी सूत्रं त्या घराण्याकडे गेली. पोपचा पुतण्या कार्डिनल फ्रान्चेस्को बार्बेरिनी याने व्हालाँतँकडून कामं करून घेतली. त्यात इटलीचं रूपक असलेलं एक प्रचंड चित्र आहे. मुकुट घातलेली, भाला आणि ढाल घेतलेली तरुणी म्हणजे इटली, आणि तिच्या पायाशी दोन नद्यांचे देव, टायबर आणि आर्नो. रूपकचित्र म्हणजे आदर्श, निर्दोष देह असा संकेत होता. व्हालाँतँचे नदीदेव मात्र म्हातारे, उघडेबंब, सुरकुतलेले, कुठल्याही धक्क्यावर भेटतील असे. चित्र आज रोममध्येच, जानिकुलम टेकडीवरच्या व्हिला लांतेत, फिनलंडच्या संशोधनसंस्थेत आहे. तिथे प्रवाशांची रीघ लागत नाही.

मग ते काम आलं ज्याची रोममधल्या प्रत्येक चित्रकाराला आस होती: व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स चर्चमधल्या एका वेदीसाठी चित्र. १६२९मध्ये व्हालाँतँला संत प्रोचेस्सो आणि मार्तिनियानो यांच्या हौतात्म्याचा विषय मिळाला. हे दोघे पीटरला कैदेत ठेवणारे पहारेकरी. कैद्याच्याच शिकवणीने त्यांनी ख्रिस्ताला स्वीकारलं आणि त्यापायी छळ सोसला. शेजारच्याच वेदीसाठी पुसँने नुकतंच संत एराझ्मोच्या हौतात्म्याचं चित्र दिलं होतं. दोन फ्रेंच चित्रकार, दोघांचे विषय सारखेच भयंकर, आणि ख्रिस्ती जगातल्या सर्वांत मोठ्या चर्चमध्ये एकमेकांशेजारी. तुलना होणारच होती आणि ती झालीही. त्या वर्षांत रोममध्ये राहणाऱ्या योआखिम फॉन झांड्रार्ट या जर्मन चित्रकाराने नोंदवून ठेवलंय की भावना व्यक्त करण्यात पुसँला मान दिला जाई, आणि निसर्गाशी इमान, रंगांचा जोर व मेळ यांत व्हालाँतँला.

मला पुसँ आवडतो, हे आधी सांगते. त्याच्या एराझ्मोत स्वच्छ उजेड आहे, प्रत्येक हाताला आणि बोटाला जागा नेमून दिलेली आहे, डोळा कुठून कुठे जाईल ते ठरलेलं आहे. व्हालाँतँच्या चित्रात गिचमिड आहे. दोन देह उलटसुलट बांधून ताणले जातायत, मजूर आपलं काम करतायत, वरून देवदूत हौतात्म्याची पामची फांदी घेऊन झेपावतोय. माझी नजर मजुरांवर अडकते. त्यांच्या चेहऱ्यावर द्वेष नाही, आनंदही नाही. वजन ओढताना पाठीला जो ताण पडतो तो आहे. छळ हे त्यांचं त्या दिवसाचं काम आहे. क्रौर्याबद्दल इतकं खरं विधान करणारी चित्रं मी फार पाहिलेली नाहीत. पुसँला पुढची चारशे वर्षं मिळाली, ती योग्यच मिळाली. पण त्या दोन वेद्यांच्या मधल्या जागेत इतिहासाने एकाचीच निवड करायला हवी होती असं मला वाटत नाही. आज दोन्ही मूळ चित्रं व्हॅटिकनच्या चित्रसंग्रहात आहेत. वेद्यांवर त्यांच्या मोझेइकमधल्या प्रतिकृती बसवल्या आहेत.

या कामानंतर त्याचं भाग्य उजळायला हवं होतं. पण काळ कूस बदलत होता. काराव्हाज्जोचा अंधार लोकांना जुना वाटू लागला होता. छतांवर उघडं आकाश, उडणारे देव, सोनेरी ढग यांचे दिवस आले होते. त्यात खोलीभर अंधारात माणूस बसवून रंगवणारा व्हालाँतँ हा जवळजवळ शेवटचा मोठा कलावंत उरला.

१६३२च्या ऑगस्टमध्ये तो गेला. वय ४१. त्याच्या मृत्यूची गोष्ट जोव्हान्नी बाल्योनेने १६४२मध्ये छापलेल्या चित्रकारांच्या चरित्रांमध्ये सांगितली आहे. उन्हाळ्याची रात्र, मित्रांबरोबर बाहेर जेवण, भरपूर तंबाखू, भरपूर वाइन. अंगाची लाही लाही झालेली. घरी परतताना वाटेत बाबुइनोचं कारंजं लागलं आणि त्याने त्या गार पाण्यात स्वतःला झोकून दिलं. ताप चढला आणि थोड्याच दिवसांत तो वारला. पुरायला पैसे नव्हते. कलांचा जाणकार आणि बार्बेरिनींच्या पदरी असलेला कास्सियानो दाल पोत्सो याने तो खर्च केला. दफन सांता मारिया देल पोपोलोत झालं, काराव्हाज्जोची ती दोन चित्रं आहेत त्याच चर्चमध्ये.

व्हालाँतँबद्दल कुणी दोन ओळी लिहिल्या तर त्यातली एक या कारंज्याची असते, आणि याचा मला राग येतो. ही गोष्ट खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण सांगणारा कोण ते बघायला हवं. याच बाल्योनेने १६०३मध्ये काराव्हाज्जोवर बदनामीचा खटला भरला होता. त्या पंथाच्या चित्रकारांबद्दल त्याला फार माया नव्हती, आणि दारूने व उष्ण रक्ताने संपलेला कलावंत ही कथा त्याला सोयीची होती. पुढच्या पिढ्यांनाही ती सोयीचीच वाटली, कारण गुत्ते रंगवणारा गुत्त्यातच संपला म्हटलं की त्याची चित्रं नीट बघण्याचे कष्ट वाचतात.

त्याची चित्रं पुढे कुठे गेली ते बघा. फ्रान्सचा सूत्रधार कार्डिनल माझारँ याच्या संग्रहात ती होती. चिलखत चढवलेला, ल्यूट वाजवत गाणारा एकटा तरुण सैनिक, जो आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, तोही एकेकाळी माझारँकडेच होता. मग राजा चौदावा लुई. १७०१मध्ये व्हर्सायच्या राजवाड्याच्या मध्यभागी राजाचं शयनगृह थाटलं गेलं. याच खोलीत रोज सकाळी राजा उठण्याचा आणि रात्री निजण्याचा सोहळा दरबाराच्या साक्षीने चाले. त्या खोलीत भिंतींच्या वरच्या भागात व्हालाँतँचे चार शुभवर्तमानकार, म्हणजे येशूची चरित्रं लिहिणारे, बसवले गेले: मत्तय, मार्क, लूक आणि योहान. अंधारातून पुढे आलेले, हातात लेखणी घेतलेले, ओढूनताणून एकेक शब्द लिहिणारे. रोमच्या रस्त्यांवरून बोलावून आणलेली हीच ती माणसं. त्यांच्याबरोबर त्याचं आणखी एक चित्र तिथे आहे, कराच्या नाण्याचं. "कैसराचे ते कैसराला आणि देवाचे ते देवाला द्या," असं येशू ज्यात सांगतो तो प्रसंग. युरोपातला सर्वांत बलाढ्य राजा रोज त्या चित्राखाली निजत होता, आणि १ सप्टेंबर १७१५ रोजी त्याच खोलीत वारला. चित्रं अजूनही तिथेच आहेत. सोनेरी कलाबतूच्या झगमगाटात माना वर करून बघितलं तरच दिसतात. व्हर्सायला जाल तेव्हा पलंगावरून नजर काढून वर न्या.

आज त्याची म्हणून ओळखली जाणारी चित्रं साठच्या आसपास आहेत. केवळ त्याच्या एकट्याच्या चित्रांचं पहिलं मोठं प्रदर्शन भरायला २०१६ साल उजाडावं लागलं, आधी न्यूयॉर्कला आणि मग २०१७मध्ये लूव्रमध्ये. जाणकारांनी तेव्हा फार चांगलं लिहिलं, पण त्याचं नाव तेवढ्याने सर्वतोमुखी झालं नाही.

त्याच्या अखेरच्या काळातलं, १६३१चं, एक चित्र अमेरिकेत क्लीव्हलंडला आहे. बार्बेरिनींसाठी केलेला सॅमसन. बायबलमधला हा बलदंड वीर गाढवाच्या जबड्याच्या हाडाने शत्रूंना मारतो आणि पुढे मंदिराचे खांब उन्मळून पाडतो. व्हालाँतँचा सॅमसन काहीच करत नाही. मुठीवर हनुवटी टेकून बसलाय. हाड शेजारी पडलंय. चिलखताच्या बंदावर बार्बेरिनींचं चिन्ह असलेली मधमाशी आहे, म्हणजे ज्याने पैसे दिले त्याची खूणही चोख घातली आहे. चेहरा चित्रकाराचा स्वतःचाच असावा असं अनेक अभ्यासकांना वाटतं. तसं असो वा नसो, इतक्या शक्तीच्या माणसाला इतका थकलेला दाखवायला धैर्य लागतं, तेही पोपच्या घराण्याने काम दिलेलं असताना.

त्याच वर्षी त्याने आणखी एक मोठं चित्र केलं, आता व्हिएन्नातल्या लिख्टेनश्टाइन संग्रहात असलेलं. सेंट पीटर्सची वेदी मिळाल्यावर त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर त्याने संत आणि देवदूतच रंगवत बसणं पसंत केलं असतं. व्हालाँतँ परत आपल्या माणसांकडे आला. पुन्हा वाद्यं, वाइन, सैनिक, हात बघणारी जिप्सी बाई. जमाना उजेडाकडे निघाला होता, आणि त्याने या माणसांना बसायला पुन्हा एकदा टेबल मांडून दिलं.